गुळणी

पॉलिशवाल्याला जाग आली ती तोंडातल्या चवीने. जिभेवर, टाळ्याला, दातांच्या फटींत दारूची चव होती; तीच कडवट, घसा जाळत उतरणारी. तो ताडकन उठून बसला. खिडकीबाहेर नुकतं फटफटलं होतं. समोरच्या खाटेवर न्हावी उताणा पडून घोरत होता. पॉलिशवाल्याने दोन्ही हात चादरीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

स्वप्न होतं. स्वप्नात तो जुन्या दुकानात कपाटाला पॉलिश मारत होता, आणि मालक म्हणाला होता, ‘घे रे, एवढं संपव,’ आणि त्याने ग्लास उचलून एका दमात रिकामा केला होता. एवढंच. पण इतकं खरं की त्याने उठून उशीखाली हात घातला. गादी उचलून बघितली. खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली, कपडे बाहेर काढले, तळ चाचपला. बाटली नव्हती. नसणारच. तरी त्याने खिडकी ढकलून खालच्या गवतातही डोकावून पाहिलं, कारण आपण कुठे कुठे बाटली लपवू शकतो हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

“पडलं का?” न्हाव्याचं घोरणं थांबलं होतं.

“काय?”

“स्वप्न. पेटी उपसतोयस म्हणजे पडलंच.” न्हावी कुशीवर वळला. “मला पहिले सहा महिने आठवड्यातून दोनदा पडायचं. एकदा तर स्वप्नात मी गिऱ्हाइकाच्या दाढीनंतर लावायचं लोशन प्यायलो. उठलो तर ढेकरसुद्धा त्याचाच आला, शपथ सांगतो. झोप अजून अर्धा तास. आज पोरगी यायची ना?”

“दहाला.”

“मग तर झोपच.”

पण पॉलिशवाला झोपला नाही. त्याला जागं ठेवणारं आता स्वप्न नव्हतं.

ते घर गल्लीच्या टोकाला होतं. दोन मजली, दारावर पाटी नाही. आत सात पुरुष राहत, सगळे दारू सोडलेले, म्हणजे सोडत असलेले. दवाखान्यातून सुटायचं आणि थेट घरी जायचं, यात बहुतेकांचा घात होतो. घरी तीच खुर्ची, तेच भांडण, तोच कोपऱ्यावरचा गुत्ता. म्हणून मधे काही महिने इथे. कामाला जायचं, आपली भांडी आपण घासायची, संध्याकाळी गोल बसून दिवसभराचं खरं बोलायचं, आणि सकाळी सातला व बाहेरून आल्यावर यंत्रात फुंकायचं. घर चालवणारा गृहस्थ पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता. स्वतःची दारू सुटून त्याला अकरा वर्षं झाली होती. सगळे त्याला काका म्हणत, आणि घराला ‘थांबा’. काका नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, “हे घर नाही, थांबा आहे. इथे मुक्काम ठोकायचा नसतो. पण उतरायचं ते गाडी पूर्ण थांबल्यावर. चालत्या गाडीतून उडी मारणारे मी लई बघितलेत.”

पॉलिशवाल्याला इथे चौऱ्याण्णव दिवस झाले होते. तीस वर्षं त्याने स्पिरिटमध्ये लाख विरघळवून, कापसाच्या बोळ्याने टेबलं, कपाटं, पलंग असे चमकवले होते की लोक त्यात भांग पाडत. संध्याकाळची बाटली आधी दुपारी आली, मग सकाळी. शेवटी शेवटी तर कामाचं स्पिरिटही पोटात गेलं. काकांनी त्याला ते काम सोडायलाच लावलं. आता तो पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात खोकी दुमडत होता.

आणि मुलगी. ती सात-आठ वर्षांची असल्यापासून संध्याकाळी दार तीच उघडायची. दार उघडलं की आधी बापाच्या तोंडाजवळ नाक न्यायची, मग आत वळून आईला बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे घेतलेली नाही, दोन म्हणजे घेतलीय. बहुतेक दोनच असायची. हा पोरीचा खेळ आहे असं त्याला कितीतरी वर्षं वाटत होतं. आता ती तेवीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, आणि गेल्या चौदा महिन्यांत त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. परवा तिचा काकांच्या फोनवर निरोप आला होता: ‘रविवारी दहाला येते. अर्धा तास.’

त्या निरोपाने आधी त्याला रडू आलं आणि मग धडकी भरली. ती धडकी अजून उतरली नव्हती.

न्हाणीघरात त्याने तीनदा दात घासले. जीभ घासली. तळहातावर श्वास सोडून हुंगला. पण हुंगून काय उपयोग? तीस वर्षांच्या स्पिरिटने त्याच्या नाकाचं लाकूड झालं होतं. गुलाब आणि रॉकेल त्याला सारखंच. आपल्या तोंडाला कसला वास येतोय हे त्याला कधीच कळत नसे, आणि आज तर ते कळायलाच हवं होतं.

फळीवर वकिलाची बाटली दिसली. वकील नवा, चार दिवसांपूर्वी आलेला. इस्त्रीचे शर्ट, चांदीच्या काड्यांचा चष्मा, आणि फळीवर ओळीने मांडलेल्या वस्तू. त्यात ही निळ्या पाण्याची बाटली, गुळण्या करायच्या औषधाची. तिच्यावरचा कागद सोलून काढलेला होता. पॉलिशवाल्याने ते पाहिलं, पण त्याचं काही वाटलं नाही. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये, एवढंच मनात आलं. मग मुलीचं नाक आठवलं. त्याने टोपण भरून घेतलं, खळखळून गुळणी केली, आणखी एक केली, आणि बाटली होती तशी, होती तिथे ठेवली.

पाचच मिनिटांत, सातला, सगळे स्वयंपाकघरात जमले. काकांनी कपाटातून यंत्र काढलं. मुठीत मावेल एवढं, वर एक नळी. प्रत्येकाला वेगळी नळी, यादीच्या क्रमाने फुंकायचं. न्हावी तिसरा. “दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात,” तो रोज म्हणायचा, “आम्ही तर नुसतेच फुंकतो, ताक कुठे मिळतं?” रोज कुणीतरी कसंनुसं हसायचं. पॉलिशवाला सहावा होता, वकील शेवटचा.

पॉलिशवाल्याने फुंकलं. यंत्र पीं करून वाजलं.

रोज ते एकदाच वाजायचं, बारीक. आज तीनदा वाजलं. काकांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. पडद्यावर शून्य नव्हतं. शून्य पॉइंट शून्य सात होतं.

सगळ्यांच्या माना पॉलिशवाल्याकडे वळल्या. शेगडीवर आधण उकळत होतं.

“मी घेतलेली नाही,” पॉलिशवाला म्हणाला.

आणि म्हणता म्हणताच ते त्याला ओळखीचं वाटलं. कारण हेच वाक्य. हाच सूर. भुवया वर, तळवे पुढे. हे वाक्य त्याने बायकोला, मालकाला, डॉक्टरला, मेलेल्या आईला, हजार वेळा ऐकवलं होतं, आणि हजार वेळा ते खोटं होतं. आज ते खरं होतं तरी त्याच्या तोंडातून निघताना त्याला खोट्याचाच पोशाख होता. खरं बोलायचं म्हटलं तर दुसरं कुठलं वाक्य वापरायचं असतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

“बरं,” काका शांतपणे म्हणाले. “नियम काय आहे? वीस मिनिटं थांबायचं, परत फुंकायचं. तोवर तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. आणि कुणाच्या तरी नजरेसमोर बसायचं. न्हावी, तू बस याच्यापाशी. बाकीच्यांनी आपापली कामं करा. तमाशा नाही हा.”

सगळे पांगले. वकील सगळ्यांत आधी गेला.

पॉलिशवाला बाकावर बसला. मनात एकच विचार घिरट्या घालत होता: ते स्वप्न नव्हतंच. मी उठलो असेन, झोपेत चालत गेलो असेन, कुठूनतरी मिळवली असेल. याआधी असं झालं नव्हतं का? एकदा तो परक्या जिन्यात जागा झाला होता, पायात एकच चप्पल, आणि आदल्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मग काल रात्रीची तरी कोण खात्री देणार? स्वतः तो? त्याच्या शब्दाला त्याच्याच लेखी किंमत नव्हती.

“न्हाव्या, रात्री मी उठलो होतो का?”

“मला काय ठाऊक? मी झोपलो की मेलो.”

“आठव ना.”

“नाही रे उठलास. उठला असतास तर पेटीचा आवाज झाला असता.” पण न्हावी त्याच्याकडे न बघता बोलला, आणि पॉलिशवाल्याची उरलीसुरली हिंमत तिथे गळाली.

अठराव्या मिनिटाला त्याने लघवीला जाऊ का विचारलं. न्हावी दारापर्यंत आला, दार अर्धं उघडं ठेवायला लावलं, आणि भिडस्तपणे पाठ वळवली. आत आरशात पॉलिशवाल्याला आपला चेहरा दिसला: पांढराफटक, ओठ सुकलेले. तोंडात काहीतरी आहे, काहीतरी राहिलंय, ते धुऊन काढलं पाहिजे, एवढंच त्याला सुचलं. नळाचा आवाज झाला असता. त्याने निळी बाटली उचलली, तोंडाला लावली, गाल फुगवून आवाज न करता तोंडभर फिरवली आणि थुंकली.

दुसऱ्या वेळी यंत्रावर शून्य पॉइंट एक पाच आलं.

काकांनी या खेपेला पडदा लांब-जवळ केला नाही. ते बाकावर त्याच्या शेजारी बसले.

“वाढलंय,” ते म्हणाले. “हे मला समजत नाही. तू सांगशील?”

“काका, मी घेतलेली नाही. आईशप्पथ.”

“आईला मधे आणू नकोस. हे बघ, मी तुला खोटारडा म्हणत नाही. खरंही म्हणत नाही. आपण दवाखान्यात जाऊ, रक्त काढू. रक्त काय ते सांगेल.”

“दहाला मुलगी येणारेय.”

“हो. तोवर परत नाही आलो तर ती थांबेल, आणि मी तिला जे आहे ते सांगेन. या घरात लपवाछपवी नाही. तुला माहितीये.”

“तिला नका सांगू.”

“मग तू सांग.”

ती चौदा महिन्यांनी येणार, पायऱ्या चढणार, आणि तिला काय ऐकायला मिळणार? यंत्र वाजलं. बाबा म्हणतात घेतली नाही. ती आरडाओरडा करणार नाही. ती मान हलवेल, ‘बरं’ म्हणेल आणि खांद्यावरची पिशवी सावरत निघून जाईल. ते ‘बरं’ त्याला आत्ताच ऐकू आलं.

तो उठला, चपला घातल्या आणि दाराबाहेर पडला.

कुणी हात धरला नाही. थांब्याचा तोही एक नियम होता: जाणाऱ्याला अडवायचं नाही, पण एकटं सोडायचं नाही. गल्लीच्या निम्म्यात पोचल्यावर त्याला मागून चपलांचा फटक फटक आवाज आला. न्हावी होता. बनियन, गळ्यात टॉवेल, एका गालाला साबणाचा फेस.

“परत जा,” पॉलिशवाला ओरडला.

“मी काय बोललो का?”

“मागे येऊ नकोस.”

“रस्ता तुझ्या बापाचा आहे का? मी फिरायला निघालोय.”

रविवारची सकाळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पॉलिशवाला झपाझप चालत होता आणि डोक्यात हिशेब नव्हता, विचार नव्हता, फक्त एक गरगर होती: नाहीतरी कुणी विश्वास ठेवणार नाही. घेतली तरी तेच, नाही घेतली तरी तेच. मग निदान घशाला तरी कळू दे. त्याला दुकान कुठे आहे हे विचारावं लागलं नाही. चौऱ्याण्णव दिवस तो मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने कामावर जात होता, पण त्याचं शटर आठला वर जातं हे त्याला पक्कं माहीत होतं.

शटर अजून बंद होतं. बाहेर एक म्हातारा आधीच उभा होता, हात काखेत दाबून. पॉलिशवाला त्याच्या मागे उभा राहिला. न्हावी त्याच्या शेजारी येऊन भिंतीला टेकला. फेस वाळून गालाला पापडी धरली होती.

मग न्हाव्याने नाक वर केलं, हुंगलं, जवळ सरकून पुन्हा हुंगलं.

“काय खाल्लंस रे तू?”

“काही नाही.”

“पुदिना मारतोय तोंडाला. पुदिना आणि...” न्हाव्याने डोळे बारीक केले. “थांब. मी पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडाला काय काय फासलंय. हा वास मला झोपेतही कळेल. गुळण्या केल्यास तू कशाने तरी?”

“वकिलाच्या निळ्या औषधाने. तिला वास येऊ नये म्हणून.”

“किती वेळा?”

“सकाळी. आणि मग... दुसऱ्यांदा फुंकायच्या आधी.”

न्हाव्याने कपाळावर हात मारला. “अरे शहाण्या! त्यात अल्कोहोलच असतं! म्हणून तर आणायला बंदी आहे. दाराच्या मागे कागद लावलाय, वाचला नाहीस?”

पॉलिशवाल्याने तो कागद पहिल्या दिवशी पाहिला होता. त्या दिवशी त्याला अक्षरं मुंग्यांसारखी चालताना दिसत होती.

“म्हणजे मी प्यायलो नाही?”

“नाही रे बाबा. तोंड प्यायलं, पोट नाही. अर्ध्या तासात शून्य येईल बघ.”

पॉलिशवाल्याला वाटलं आता सुटल्यासारखं होईल. झालं नाही. उलट त्याची भीतीने गाळण उडाली. कारण इथवर यायचं कारण तर गेलं, पण पाय होते तिथेच राहिले. तहान होती तिथेच राहिली. इतका वेळ त्याला वाटत होतं की अन्याय त्याला इथे घेऊन आलाय. अन्याय नव्हताच. तरीही तो रांगेत होता.

आतून कुलपाचा आवाज आला. शटर खडखडत वर गेलं. म्हातारा वाकून शटर पूर्ण उघडायच्या आधीच आत शिरला. आतला दिवा लागला. काचेमागे बाटल्यांच्या रांगा.

“न्हाव्या,” पॉलिशवाला म्हणाला, “मला हलता येत नाहीये.”

पॉलिशवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. न्हावी त्याच्याकडे बघतच नव्हता. तो काचेकडे बघत होता, आणि त्याच्या गळ्यातली घाटी वरखाली होत होती. नऊ महिने झालेला माणूस, दिवसरात्र विनोद करणारा, त्याच्या हातातलं टॉवेलचं टोक पिळून दोरीसारखं झालं होतं.

“लवकर काय ते ठरव,” न्हावी हलक्या आवाजात म्हणाला. “तू आत गेलास तर मला तुझ्या मागे यावं लागेल. आणि मी आत आलो ना, तर मी काही तुला बाहेर काढायला येणार नाही.”

पॉलिशवाल्याला आजवर अनेकांनी दारूच्या दुकानापासून ओढून नेलं होतं. बायकोने, मेहुण्याने, एकदा पोलिसाने. पण त्याच्यामुळे कुणी आत जाईल, हे त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. त्याने न्हाव्याचा दंड पकडला. कुणी कुणाला ओढलं ते सांगणं कठीण आहे. दोघं बुडणारी माणसं एकमेकांना धरतात तसे ते वळले आणि कोपरा येईपर्यंत दोघांनीही मागे पाहिलं नाही. कोपऱ्यावर न्हावी कठड्यावर बसला आणि त्याने पाच मिनिटं नुसता श्वास घेतला.

थांब्यावर परतल्यावर न्हाव्यानेच काकांना सगळं सांगितलं. काकांनी निळी बाटली आणायला लावली. ती टेबलावर ठेवली गेली, तेव्हा पॉलिशवाल्याचं लक्ष गेलं: बाटली जवळजवळ रिकामी होती.

“वकीलसाहेब,” काकांनी हाक मारली. “ही कधी आणलीत?”

वकील दारात उभा राहिला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. “काल. का?”

“काल आणलेली बाटली आज तळाला कशी गेली?”

“याने वापरली ना चोरून! त्याला विचारा.”

“मी तीन गुळण्या केल्या,” पॉलिशवाला म्हणाला. “चोरूनच केल्या. तीनच.”

“याचा शब्द पुरावा धरणार तुम्ही? याचा?”

“नाही,” काका म्हणाले. “शब्द कुणाचाच नाही धरत. तुमचं फुंकायचं राहिलंय सकाळचं. गडबडीत मीच विसरलो, चूक माझी.”

वकिलाने युक्तिवाद केला. यंत्र सदोष आहे, प्रक्रिया चुकीची आहे, संमतीशिवाय कुणाची चाचणी करता येत नाही. सुंदर बोलत होता, एक शब्द अडखळत नव्हता. काका ऐकत होते आणि यंत्र पुढे धरून उभे होते. बोलता बोलता वकिलाचा आवाज बारीक होत गेला. शेवटी त्याने फुंकलं. मग यंत्र वाजायची वाटही न बघता तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. टेबलावरचे चमचे तरीही किणकिणत होते, इतका तो हादरत होता.

पॉलिशवाल्याने परत फुंकलं, तेव्हा शून्य आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे वकिलाकडे बघत होते. प्रत्येकाला त्याच्या जागी आपण दिसत होतो.

“मला बाहेर काढणार?” वकिलाने विचारलं.

“इथे ठेवता येत नाही. बाकीच्या सहा जणांचा जीव तुमच्या घोटाला टांगलेला असतो,” काका म्हणाले. “पण रस्त्यावरही सोडत नाही. दवाखान्यात जायचं, आत्ता, माझ्याबरोबर. तुमची एकदम थांबली तर फिट येऊ शकते. ते डॉक्टरांचं काम, माझं नाही. खाट तुमची राहील. बरे होऊन या.”

निघताना वकील पॉलिशवाल्यासमोर थांबला. “तू हात लावला नसतास तर कुणाला कळलं नसतं,” तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, आणि त्या डोळ्यांत राग किती आणि भीती किती हे सांगता येत नव्हतं. पॉलिशवाल्याला ‘माफ करा’ म्हणायचं होतं. तो नुसता बाजूला झाला.

मुलगी दहा वाजून दहा मिनिटांनी आली. बारीक झाली होती. केस आखूड कापले होते. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या अगदी टोकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन.

“कसे आहात, बाबा?”

“बरा आहे.” मग त्याला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. “आज सकाळी यंत्र वाजलं.”

त्याने सांगितलं. स्वप्न, निळी बाटली, दोन्ही आकडे, वकील, शेवटचं शून्य. ती ऐकत होती. चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती.

“मला कसं कळणार, खरं काय ते?” ती म्हणाली.

“नाही कळणार.”

तेवढ्यात न्हावी चहाचे कप घेऊन आला. आता त्याच्या दोन्ही गालांची दाढी झालेली होती. त्याने कप ठेवले. तो गेला नाही. उभा राहिला आणि पॉलिशवाल्याकडे बघत राहिला, अगदी साधेपणाने. कुणी फाटक लावायची वाट बघतं तसा.

पॉलिशवाल्याला कळलं. वकिलाला नेलं, शून्य आलं, सगळं व्यवस्थित सांगून झालं होतं. मधला अर्धा तास तेवढा त्याने गाळला होता. तो सांगितला नसता तर काही बिघडलं नसतं. आणि सांगितला तर ती उठून जाईल, याची त्याला जवळजवळ खात्री होती.

“एक राहिलं,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा वाजल्यावर मी दुकानापर्यंत गेलो होतो. शटर उघडेपर्यंत उभा होतो. घेतली नाही. पण उभा होतो.”

न्हावी गेला.

मुलगी उठली. पिशवी खांद्यावर घेतली. पॉलिशवाल्याने डोळे मिटले. पण दाराचा आवाज आला नाही. उघडून पाहिलं तर ती खिडकीपाशी पाठमोरी उभी होती.

“हे सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं.”

“नाही.”

“मग का सांगितलंत?”

काहीतरी चांगलं उत्तर द्यावं असं त्याला फार वाटत होतं. “न्हाव्याला माहीत आहे ना,” तो शेवटी म्हणाला. “तो होता तिथे.”

तिच्या तोंडून फस्सकन हसू निघालं. तिने लगेच तोंडावर हात दाबला, पण निघायचं ते निघालं होतं. मग ती वळली. डोळे भरलेले होते.

“तुम्हाला भीती वाटते का इथे?”

“रोज. सकाळी उठल्यापासून.”

“घरी असताना नाही वाटायची कधी?”

“घरी तुम्हा दोघींना वाटायची,” तो म्हणाला. “माझ्या वाटची पण.”

ती परत बसली, आता खुर्चीला पाठ टेकून. चहा गार झाला होता, तरी प्यायली. अर्ध्या तासाची चाळीस मिनिटं झाली तेव्हा म्हणाली, पुढच्या महिन्यात बघते. येते म्हणाली नाही. दुपारी दवाखान्यातून काकांचा फोन आला: वकिलाला फिट आली होती, पण तेव्हा तो खाटेवर होता आणि शेजारी डॉक्टर होते. पॉलिशवाला फोन ठेवून बराच वेळ तिथेच उभा राहिला. हीच फिट रात्री इथल्या न्हाणीघरात आली असती तर, हा विचार त्याला सोडेना.

वकील एकोणिसाव्या दिवशी परत आला. पहिले दहा दिवस तो पॉलिशवाल्याशी बोलला नाही, ताटसुद्धा त्याच्यापासून लांब घेऊन बसायचा. अकराव्या दिवशी पॉलिशवाला भांडी घासत असताना त्याने शेजारी उभं राहून एक पातेलं पुसलं आणि म्हणाला, “त्या संध्याकाळी मी दुसरी बाटली आणणार होतो.” मग पुढचं पातेलंही वकिलानेच पुसलं.

पॉलिशवाला थांब्यावर आणखी पाच महिने राहिला. मग पलीकडच्या रस्त्यावर एक खोली बघून न्हाव्याबरोबर राहू लागला. रात्री एकट्याने झोपायची छाती दोघांनाही नव्हती, आणि दोघांनी ते मोकळेपणाने कबूल केलं. संध्याकाळी गोलात बसायला दोघं अजून थांब्यावर जातात. मुलगी पुढच्या महिन्यात आली नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात आली. मग येत राहिली. बायको अजून आलेली नाही. येईल की नाही हे तो विचारत नाही. एकदा मुलीने त्याचा नंबर तपासला आणि चष्मा करून आणला. काड्या जुन्याच होत्या, त्याने कधीकाळी घरी वापरून टाकलेल्या चष्म्याच्या. त्या इतकी वर्षं कपाटात जपून कुणी ठेवल्या होत्या, हे तिने सांगितलं नाही.